अर्धा आटा

टायरवाल्याला सगळे चाळीस म्हणत. साठीला टेकलेला माणूस, डोक्यावर मोजून चार केस, तरी चाळीस. दुकानाच्या भिंतीवर, हवेच्या मीटरच्या बरोबर वर, त्याने स्वतःच्या हाताने लाल रंगात लिहून ठेवलं होतं : 'चाळीसच्या पुढे नाही.' टायर रिमवर चढवला की हवा भरायची, म्हणजे त्याची कड सरकत सरकत रिमच्या काठाला जाऊन ठो करून बसते. काटा चाळीस पौंडांवर आला आणि तरी कड बसली नाही, तर हवा सोडून द्यायची, साबणाचं पाणी लावायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. 'अजून थोडी, अजून थोडी' करणाऱ्या त्याच्या वस्तादाचे खालचे पाच दात चाळीसने स्वतः फरशीवरून वेचले होते. त्या दिवसापासून हा नियम. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, घाई कितीही असो, चाळीस म्हणजे चाळीस.

हाच नियम त्याने कधी आपल्या जिभेला लावला असता तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

त्याला एकच मुलगी. दुकानात वाढलेली. चार वर्षांची असल्यापासून ती टायरच्या व्हॉल्व्हमधल्या जुन्या पिना एका प्लास्टिकच्या डबीत जमवायची, म्हणून तिचं नाव पडलं पिनू. बाराव्या वर्षी डोळे मिटून पिन बसवायची. बोटाला थुंकी लावून व्हॉल्व्हवर धरायची, बुडबुडा आला की ओरडायची, "बाबा, गळतंय!" दुकान पुढे तीच चालवणार हे चाळीसने मनाशी पक्कं केलं होतं. तिला विचारायचं तेवढं राहिलं होतं. आणि पिनूने लग्न केलं ते गाड्यांना रंगीत कागद चिकटवणाऱ्या एका पोराशी. काळी गाडी हिरवी करून देणं हा त्याचा धंदा. चाळीसने त्याचं नाव ठेवलं स्टिकर.

लग्नानंतर पहिल्यांदा सगळे एकत्र जेवायला बसले होते. व्याही, विहीणबाई, सगळे. तेव्हा चाळीस मोठ्याने म्हणाला, "जावईबापूंच्या कामाचं कसं आहे, एक कोपरा सुटला की सगळं सोलून निघतं." व्याही हसले, कारण त्यांना तो विनोद वाटला. पिनू ताटावरून उठली. त्याला आता आठ महिने झाले, तिने माहेरचा उंबरा ओलांडला नव्हता.

मधल्या मध्ये हाल झाले ते तिच्या आईचे. शेवटी बाईने स्वतःच डोकं लढवलं. जावयाने नवी चाकं घेतली आहेत असं कळलं, तशी ती नवऱ्याला म्हणाली, "शनिवारी ते चाकं घेऊन येतील, बसवून द्या. सोमवारी दोघांना जेवायला बोलावलंय. अहो, तेवढे तीन दिवस तोंडाला झाकण लावा. नाहीतर मी काय करीन ते मलाच माहीत नाही."

शनिवारी सकाळी स्टिकर आला. बारीक दाढी, पायात पांढरे बूट, आणि टायरच्या दुकानात पांढरे बूट घालून येणाऱ्या माणसाबद्दल चाळीसचं मत काय असणार ते सांगायला नको. पिनू गाडीतच बसून राहिली, काच वर. स्टिकरने चार रिम उतरवल्या, आरशासारख्या चकचकीत, आणि शेजारी चार टायर ठेवले. चाळीसने एकदा रिमकडे पाहिलं, एकदा टायरकडे. रिम साडेनऊ इंच रुंद. टायर जेमतेम आठ इंचाचा.

"जावईबापू, टायर दुसऱ्याच गाडीचे उचलून आणलेत."

"नाही मामा, हेच. असेच बसवतात. ताणून."

"ताणून माणूस झोपतो. टायर नाही बसत."

"सगळे बसवतात आजकाल. उद्या मेळावा आहे, डोंगरापलीकडे. दोनशे गाड्या येणार आहेत. साधी चाकं घेऊन गेलो तर हसतील मला."

"आणि ही घेऊन गेलात तर?" चाळीस खाली वाकला. टायर रिमवर आडवा ठेवून त्याने बोटाने दाखवलं, कड कुठे संपते आणि रिम कुठवर जाते ते. पोराचा सदरा बापाच्या अंगावर चढवावा, तसा प्रकार. "ही बाजू अशी तिरकी ओढली जाणार. खड्डा लागला की दणका सरळ रिमला. हवा कमी असताना वळण घेतलं की कड सुटणार. कड सुटली की खाली टायर नाही उरत, नुसती बांगडी उरते. कळलं?"

"हवा मी कमी होऊ देत नाही," स्टिकर म्हणाला. मग खिशातून फोन काढत, अगदी सहज : "तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा, मामा. लाजायचं काय त्यात? भडक्या अर्ध्या तासात करून देतो."

भडक्या म्हणजे पुढच्या चौकातला टायरवाला. हट्टी टायर बसवायला तो आत पेटणारा फवारा मारायचा आणि काडी ओढायचा. धडाम आवाज व्हायचा, टायर बसायचा, पोरं टाळ्या वाजवायची. भडक्याला भुवया नव्हत्या.

तेवढ्यात गाडीचं दार उघडलं. पिनू खाली उतरली, आठ महिन्यांत पहिल्यांदा बापाच्या समोर उभी राहिली, आणि कसे आहात नाही, काही नाही. म्हणाली, "बाबा, बसवायचे तर बसवा. नसतील बसवायचे तर स्पष्ट सांगा. टोमणे ऐकायला आम्ही पेट्रोल जाळून आलेलो नाही."

आपल्या पोरीच्या गाडीच्या चाकात भडक्या काडी ओढणार, हे चाळीसच्या डोळ्यांपुढे आलं. त्याने मूग गिळले आणि पहिली रिम मशीनवर चढवली.

खरं सांगायचं तर काम त्याने देवासारखं केलं. कडेला साबणाचं पाणी दोनदा फिरवलं. हवा जोरात आत जावी म्हणून व्हॉल्व्हची पिन काढून ठेवली. मोठ्या तोंडाची हवेची टाकी कडेशी धरली, एक झोत सोडला, आतली कड टक् करून लागली. मग नळी लावली. काटा वीस, पंचवीस, एकतीस, आणि बाहेरची कड ठो! रिमचा चकचकीत काठ सगळा उघडा, आणि टायर त्याच्या आत तिरका ओढलेला. दिसायला चाळीसला ते किळसवाणं वाटलं, पण बसलं होतं बिनचूक. दुसरं तसंच. तिसरं तसंच. बाकावर एक टॅक्सीवाला आपल्या नंबराची वाट बघत बसला होता, तोसुद्धा म्हणाला, "हात आहे काका तुमचा." चाळीसने वर न बघता नाक ओढलं, पण त्याला बरं वाटलं. त्याने पिनूकडे चोरून पाहिलं. ती बघत होती. हातांकडे बघत होती, चेहऱ्याकडे नाही.

चौथं चाक अडलं. तीस, चौतीस, अडतीस. कड जागची हलेना. चाळीसचा हात हवा सोडायला निघालाच होता. स्टिकर मगापासून फोनवर चित्रण करत होता आणि फोनला सांगत होता, "हे आमचे सासरे, दुकानापेक्षा जुने." तो पुढे झाला आणि हवा वाढवायची मीटरची खीळ त्याने दुसऱ्या हाताने फिरवली. "अजून दहा टाका की मामा, काय घाबरता!"

काटा चव्वेचाळीसवर गेला.

चाळीसने एका हाताने नळी उपटली आणि दुसऱ्या हाताने जावयाच्या मनगटावर असा फटका मारला, की फोन उडून फरशीवर पडला. काचेचा कोपरा तडकला. टॅक्सीवाला बाकावरून उठून उभा राहिला.

"बाबा!" पिनू मध्ये आली. "हात उगारलात?"

"त्याने चाळीसच्या पुढे..."

"ते चूकच. ए, तू त्या मीटरला पुन्हा हात लावायचा नाहीस." हे नवऱ्याला. मग बापाकडे वळली. "पण तुम्हाला तोंडाने सांगता येत नव्हतं? एरवी तर तोंड कुठेही चालतं तुमचं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय, ते सगळं दुसऱ्यांसाठी. स्वतःला एक मीटर बसवून घ्या कधीतरी."

टॅक्सीवाल्यासमोर. स्वतःच्या दुकानात. स्वतःच्या पोरीने. चाळीसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोलला मात्र काही नाही, आणि हा माणूस बोलत नाही तेव्हाच त्याला भ्यावं हे बायको सोडून कुणाला ठाऊक नव्हतं.

त्याने चौथा टायर पुन्हा पहिल्यापासून केला. चौतीसवर कड बसली. पिन घातली, बत्तीस हवा भरली, छोट्या चावीने पिन घट्ट केली. चारही चाकं गाडीला लावली. हे चौथं पुढे, डाव्या बाजूला आलं. नट आवळले. नवरा-बायको फोनची काच बघत पाठमोरे उभे होते. चाळीस व्हॉल्व्हवर टोपी चढवायला वाकला, खिशातून चावी काढली आणि पिन उलटी फिरवली. अर्धा आटा. मग टोपी लावली.

ही खोडी या धंद्याइतकीच जुनी आहे. पिन अर्धा आटा सैल केली की टायर लगेच खाली बसत नाही. हवा मुंगीच्या पावलांनी जाते, आणि सकाळी गाडी दारात लंगडी उभी असते. दुकानासमोर रोज आडवा टँकर लावणाऱ्या एका आडमुठ्याला चाळीसने ती एकदा केली होती. तेव्हा बारा वर्षांची पिनू शेजारीच होती, आणि दोघं बापलेक पोट धरून हसले होते. उद्या सकाळी या पांढऱ्या बुटांना शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर बसलेलं चाक दिसू दे. दोनशे गाड्यांचा मेळावा चुकू दे. येईल मग, 'मामा, मामा' करत येईल. कुणी विचारलंच तर बत्तीस भरलीच होती.

दुपारी घरी जेवायला बसला तेव्हा त्याची स्वारी भलतीच खुशीत होती. बायको वाढता वाढता बोलत होती. पिनूशी तिचं फोनवर बोलणं झालं होतं.

"फोन फोडलात म्हणे जावयाचा. बरं, ते राहू दे. सोमवारी येणार आहेत दोघं, नाही म्हणाली नाही ती. आणि ऐका, उद्या गाडी पिनूच नेणार आहे. जावई आज रात्री मित्राच्या टेम्पोतून पुढे जातायत, तंबू-बिंबू बांधायला. ही पहाटे एकटी निघणार, डोंगराच्या रस्त्याने. मला मेलीला तो रस्ता आवडत नाही."

चाळीसचा घास हातातच राहिला. पण फार वेळ नाही. त्याने डोक्यात हिशेब केला. पहाटेपर्यंत चाक पार जमिनीला टेकलेलं असणार. आंधळ्यालाही दिसेल. पोरगी दुकानात वाढलेली, बसलेल्या चाकावर गाडी काढणार आहे थोडीच? उलट नवरा गावाला गेलेला, चाक बसलेलं, मेळावा गाठायचा. कुणाला फोन करणार ती? बाबांनाच. मग आपण हवेची टाकी घेऊन पहाटे पोरीच्या दारात. झालं तर. एका दगडात दोन पक्षी.

"वाढ अजून," तो म्हणाला आणि त्याने ताट पुढे केलं.

संध्याकाळी त्याच्याने राहवेना. पेरलेलं उगवलंय का ते बघायला माणूस जातोच. दुकान लवकर बंद करून, खिशात हवेचा गेज टाकून, तो पिनूच्या गल्लीत आला. गोदामांच्या मागे एकाला एक लागून घरं, आणि तिच्या घरासमोर दिव्याच्या खांबाखाली गाडी. चाळीस पलीकडच्या फुटपाथवर थांबला. तिथून बघणं त्याला पुरे होतं. इतक्या वर्षांत त्याने रस्त्यापलीकडून चाक बघून हवा सांगितली होती, आणि दोन पौंडांच्या वर चुकला नव्हता.

पुढचं डावं चाक ताठ उभं होतं.

त्याचा विरसच झाला. पिन गळलीच नाही की काय? म्हातारा झालो, साधी खोडी जमेना. तो रस्ता ओलांडून आला, उकिडवा बसला, टोपी काढली, गेज लावला.

बारा.

त्याने गेज झटकला, पुन्हा लावला. बारा. मागच्या चाकाला लावून पाहिला, बत्तीस. तो दोन पावलं मागे सरला आणि दोन्ही चाकांकडे आळीपाळीने बघू लागला. काडीचा फरक नाही. साध्या टायरची हवा गेली की त्याचं पोट खाली सुटतं, तेच बघून डोळ्याला कळतं. या टायरला पोटच नव्हतं. त्याच्या बाजू आधीच दोन्हीकडे ओढून बसवलेल्या, बांधलेल्या खाटेसारख्या ताठ. आत हवा बारा असो नाहीतर बत्तीस, वरून रूप तेच. चाळीसने तो सकाळी स्वतःच्या हाताने बसवला होता. हवा कमी झाली तर कड सुटेल हेही जावयाला स्वतःच्या तोंडाने बजावलं होतं. फक्त ती कमी झालेली दिसणारच नाही, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. आयुष्यभर डोळ्यावर विसंबलेल्या माणसाला ते यायचंही नाही.

पहाटे पिनू अंधुक उजेडात एक फेरी मारून चारही चाकं बघणार होती, ठीक आहे म्हणणार होती आणि डोंगर चढणार होती. चढाचं पहिलंच वळण उजवीकडचं. सगळा भार या चाकावर.

चाळीस पुन्हा चाकाशी उकिडवा बसला. करायला गेलो काय आणि झालं काय. सूड घ्यायला निघालो जावयावर, आणि फास लावून ठेवला पोटच्या पोरीला.

"बाबा?"

पिनू दारात उभी होती, हातात कचऱ्याची पिशवी.

"काही नाही गं. इकडून चाललो होतो. म्हटलं, हवा बघावी जरा. नवीन टायर आहेत." ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच.

तिने पिशवी खाली ठेवली. त्याच्या हातातून गेज घेतला, वाकून लावला, वाचला. उरलेल्या तीन चाकांना लावला. परत पुढच्या डाव्या चाकाशी आली. बोट जिभेला लावलं आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर धरलं. दिव्याच्या उजेडात बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. तिने बापाकडे न बघता हात मागे केला.

"चावी."

त्याने खिशातून पिनेची चावी काढून तिच्या तळहातावर ठेवली. बारा वर्षांची होती तेव्हापासूनची ती सवय होती, डोक्याला विचारायच्या आधी हात पुढे झाला. आणि मग त्याला कळलं आपण काय दिलं ते. हवा बघायला निघालेला माणूस गेज घेऊन येतो. पिनेची चावी कशाला आणेल?

पिनूने चावी फिरवली. फार फिरवावी लागली नाही.

"अर्धा आटा," ती म्हणाली. "टँकरवाल्याला केला होतात तसा."

"त्याच्यासाठी होतं गं. चारचौघांत जरा मान खाली जाईल म्हणून. तुझ्यासाठी..."

"गाडी उद्या मी नेणार आहे."

चाळीसने नजर चाकावर नेली.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

'आत्ता' हा शब्द त्याच्या जिभेवर तयार होता. तिने वर बघितलं, आणि तो शब्द काही बाहेर पडेना.

"दुपारी," तो म्हणाला.

"दुपारी? दुपारपासून माहीत आहे?"

"मला वाटलं, सकाळी चाक बसलेलं दिसेल तुला. आणि तू मला..."

"हे चाक बसलेलं दिसतंय?"

तेवढ्यात स्टिकर बाहेर आला. खांद्यावर दोरखंडाची वेटोळी, हातात तडकलेला फोन. सासऱ्याला चाकापाशी बघून तो क्षणभर बिचकला, आणि मग त्याचा चेहरा असा उजळला, की चाळीसला नजर कुठे लपवावी कळेना. सकाळच्या फटक्याचं हे प्रायश्चित्त आहे अशी त्या भोळ्याची समजूत झाली. त्याने फोन वर धरला. "मंडळी, हे बघा! सकाळी मला फटका देणारे आमचे मामा, संध्याकाळी घरी येऊन जातीने हवा तपासतायत. याला म्हणतात कारागीर! मामा, बोला ना दोन शब्द. लोकांना सांगा, हवा तपासणं किती महत्त्वाचं ते."

पिनू बापाकडे बघत होती.

"हो," चाळीस फोनला म्हणाला. "हवा तपासावी. वरचेवर तपासावी."

स्टिकर खूश होऊन टेम्पोकडे गेला. पिनूने डिकीतून पायाने मारायचा पंप काढला. चाळीसने हात पुढे केला, तिने तो कोपराने दूर सारला. पंप मारता मारता ती हळू आवाजात बोलली, कारण नवरा वीस पावलांवर होता.

"मी त्याला सांगणार नाही. तुमची दया येते म्हणून नाही. मी कुणाच्या घरात वाढले ते त्याला सांगायची मला लाज वाटते. तुमचं तुम्ही सांगायचं, तुमच्या तोंडाने. जोवर सांगत नाही, तोवर मी तुमच्या घरी जेवायला येणार नाही. आणि सगळं सांगायचं."

काटा बत्तीसवर आला. तिने टोपी लावली, कचऱ्याची पिशवी उचलली आणि गेली.

रविवारभर चाळीस फोनच्या आसपास घुटमळत राहिला. दुपारी बायको म्हणाली, पोहोचली सुखरूप, तेव्हा कुठे तो खाली बसला. सोमवारी दुकान उघडतोय तो बाहेर तीन पोरं, त्यांच्याकडे तसल्याच रुंद रिम. "काका, फोनवर बघितलं आम्ही! जावयाच्या घरी जाऊन हवा तपासता तुम्ही. आम्हाला तुमच्याच हातचं पाहिजे, भडक्याचं नको." उभ्या आयुष्यात एवढं कौतुक चाळीसच्या वाट्याला आलं नव्हतं. त्याने तिघांनाही खेकसून घालवून दिलं. टॅक्सीवाला येऊन हसत म्हणाला, "काका, तुम्ही तर गाजताय!" चाळीसने त्यालाही सोडलं नाही.

दुपारी घरी चार ताटं मांडली होती. स्टिकर एकटाच आला.

"तिचं डोकं दुखतंय," तो म्हणाला. "बक्षीस नाही मिळालं, पण चाकांना सगळे विचारत होते. मामा, कुणाला विश्वास बसेना की इतकं सफाईदार काम हाताने केलंय." तो बसला, भरपूर वाढून घेतलं आणि खाऊ लागला. मग आठवण झाल्यासारखं खिशातून काहीतरी काढून चाळीसच्या ताटाशी ठेवलं. "हे तिने दिलंय तुम्हाला."

प्लास्टिकची डबी होती. चाळीसने झाकण उघडलं. आत पिना होत्या, वीस-पंचवीस वर्षं जमवलेल्या, काळ्या पडलेल्या. सगळ्यांच्या वर एक कोरी, परवा त्याने स्वतः घातलेली. पिनूने चाकात दुसरी पिन घालून ही काढून पाठवली होती.

बायको चौथ्या ताटाकडे बघत होती. जावई जेवत होता. चाळीसने डबी बंद केली, पुन्हा उघडली.

"जावईबापू, एक सांगायचंय."

"बोला ना."

"परवा त्या चाकातली पिन मी सैल केली होती. मुद्दाम. हवा गळावी म्हणून. संध्याकाळी आलो होतो ते हवा तपासायला नाही. बसलंय का ते बघायला आलो होतो."

स्टिकरचं चावणं थांबलं. त्याने घास गिळला, पाण्याचा घोट घेतला. "कुठलं चाक?"

"पुढचं डावं."

"पण ते कुणाचं चाक म्हणून? माझं की तिचं?"

"तुमचं. शपथेवर सांगतो, तुमचं."

"चाक तर एकच होतं, मामा," स्टिकर म्हणाला. त्याच्या आवाजातलं हसू गेलं होतं. आवाज चढवला, त्रागा केला, असं काही नाही. डाव्या हाताने त्याने फोन काढला आणि लावला. "हो. सांगितलं त्यांनी आत्ता. पिनेचं." तो थोडा वेळ ऐकत राहिला. मग फोन कानापासून दूर धरून त्याने सासऱ्याकडे पाहिलं. "ती विचारतेय, दुपारचं सांगितलं का?"

"दुपारचं काय?" बायको म्हणाली. ती वाढायला उभी होती. "अहो, दुपारचं काय?"

चाळीसने भिंतीकडे बघितलं. घरच्या भिंतीवर काही लिहिलेलं नव्हतं.

"शनिवारी दुपारी तू मला सांगितलंस, गाडी पिनू नेणार आहे, पहाटे, एकटी," तो बायकोला म्हणाला. "इथेच बसलो होतो. पिन सैल आहे हे मला माहीत होतं. आणि मी 'वाढ अजून' म्हटलं."

बायकोच्या हातातलं भांडं होतं तिथेच राहिलं. फोन अजून चालू होता.